कुळेची जीप आणि अगरबत्तीचा धूर
गोव्यात सावर्ड्याला माझं छोटं गॅरेज आहे. पूर्वी सगळं काम खाणीच्या टिप्परचं असायचं. 2012 ला खाणी बंद पडल्या आणि मग जो येईल त्याचं बोनेट उघडायचं असं सुरू झालं, त्यात कुळेचे जीपवाले बरेच, म्हणजे दूधसागरला टुरिस्ट नेणारे. पावसाळाभर ती वाट बंद असते, ऑक्टोबरमध्ये सुरू झाली की यांचे कमाईचे महिने, आणि नेमकी तेव्हाच गाडी उभी राहिली तर माणूस रडकुंडीला येतो.

तर असाच एक दिवाळीच्या तोंडावर आला. जुनी डिझेल जीप, फोर बाय फोर. आल्या आल्या म्हणाला, "मेस्ता, ही म्हाका मारतली." गाडी तापते पण कुठे, तर फक्त जंगलात. फोंड्याला जाऊन ये, काटा मधल्या खुणेच्या खाली. रिकामी गाडी दारात चालू ठेव, काही नाही. पण माणसं भरून फर्स्ट गिअरमध्ये दगडांतून चढायला लागली की काटा लाल, रेडिएटरच्या टोपीतून वाफ, टुरिस्ट खाली उतरून फोटो काढतायत आणि याचा चेहरा पडलेला.

त्याने आधीच दुसरीकडे बराच खर्च केला होता. तीन रोचा, म्हणजे पाण्याच्या नळ्यांच्या तीन ओळींचा रेडिएटर काढून चार रोचा जाड कोअर (आतली जाळी) टाकलेला, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून फेकलेला, आणि पुढे ग्रिलच्या मागे बारा व्होल्टचा एक इलेक्ट्रिक फॅन बसवलेला. एवढं करून गाडी आधीपेक्षा जास्त तापत होती! आता त्याला पाच रोचा पाहिजे होता. मी म्हटलं थांब जरा, आधी चहा घे.

लोकांना वाटतं पाणी जास्त मावलं की गाडी थंड राहते. तसं नसतं ना. पाणी फक्त उष्णता इंजिनातून उचलून रेडिएटरपर्यंत आणतं, तिथून ती न्यायची हवेने. हायवेला गाडीच्या वेगानेच हवा आत घुसते, तिथे फॅन नसला तरी बऱ्याचदा चालून जातं. पण चालणाऱ्या माणसाच्या वेगाने फर्स्टमध्ये चढताना समोरून वारा शून्य, इंजिनावर लोड पूर्ण, आणि या जीपचा फॅन इंजिनावर फिरणाऱ्या पाण्याच्या पंपावरच फिक्स असल्यामुळे आरपीएम कमी की तोही हळू. म्हणजे जी काय थोडी हवा तो ओढतो ती सगळीच्या सगळी जाळीतूनच यायला हवी, दुसरीकडून नाही.

आणि इथे शराऊडच, म्हणजे फॅनभोवतीचं रेडिएटरला जोडलेलं कव्हरच नव्हतं. जाड कोअर बसेना म्हणून काढून ठेवलेलं, म्हणे घरी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून वापरतोय. शराऊड नसेल तर फॅन जाळीतून हवा ओढण्यापेक्षा बाजूची, इंजिनाचीच गरम हवा घुसळत बसतो. पात्यांसमोरचा जो गोल भाग तेवढाच थोडा थंड होणार, चारी कोपरे तसेच.

थर्मामीटर गन लावली. इंजिनातून रेडिएटरात येणारा वरचा होस 101 डिग्री, परत जाणारा खालचा 97. (चकचकीत धातूवर गन मारू नका, वाट्टेल ते आकडे दाखवते, रबरी होसवर किंवा काळी टेप चिकटवून त्यावर मारा.) चारच डिग्री कमी होतायत म्हणजे पाणी फिरतंय पण हवा काही नेत नाहीये. पाणी अडलं असतं तर वरचं खूप गरम आणि खालचं बरंच गार लागलं असतं.

पण शराऊड नसणं एवढंच कारण मला पटत नव्हतं, कारण इलेक्ट्रिक फॅन तर चालू होता, आवाज मस्त येत होता. गॅरेजमध्ये गणपतीच्या फोटोसमोर अगरबत्ती लावलेली असते, त्यातली एक उचलली, इंजिन चालू ठेवून फॅन लावला आणि ग्रिलसमोर धरली. कडेला धूर आत जात होता. मधोमध नेली तर धूर सरळ माझ्या तोंडावर! मालकाला वाटलं वारा असेल, मग मी त्याच्याच हातात अगरबत्ती दिली, तो खोकत मागे सरकला.

फॅनच्या दोन वायर उलट्या जोडलेल्या. डीसी मोटर, वायर उलटी झाली की उलटी फिरते, आवाज तोच येतो. म्हणजे मागचा फॅन हवा आत ओढतोय, पुढचा बाहेर ढकलतोय, आणि बिचारा रेडिएटर मध्ये. हायवेला समोरचा वारा दोघांपेक्षा जोरदार म्हणून तिथे कळायचं नाही. जंगलात वारा नाही, झालं. कोणी जोडलं ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

वायर बदलून देता आल्या असत्या. पण मी तो फॅन काढूनच टाकला, कारण त्याची मोटर आणि फ्रेम हायवेला समोरची हवा अडवते आणि पाण्यात उतरणाऱ्या गाडीला ती एक डोकेदुखीच. कोअर परत तीन रोचा टाकला. मालक म्हणाला अहो जाड चांगला ना, पण जाड कोअरमधून हवा ओढायला फॅनला जास्त जोर लागतो आणि याचा फॅन हळू फिरणारा. शिवाय त्या दाट जाळीत लाल चिखल असा बसला होता की टॉर्च लावली तर पलीकडे उजेड दिसेना. ती जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, तेही साध्या नळीने. सर्व्हिस स्टेशनची गन जवळून मारली तर फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) आडव्या पडतात आणि मग कायमची वाट लागते.

शराऊड आमच्या बाजूच्या वेल्डरकडून पत्र्याचं करून घेतलं, फॅनची पाती निम्मी आत निम्मी बाहेर, कडेला इंचभर गॅप. गॅप याहून कमी ठेवला तर खडकावर इंजिन हललं की पातं पत्र्याला घासतं. रेडिएटर आणि बॉडीच्या मधल्या फटी रबर पट्टीने बंद केल्या, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते. 82 डिग्रीला उघडणारा थर्मोस्टॅट परत बसवला, 13 पीएसआय दाब धरणारी नवी टोपी, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. टोपीला लोक किंमत देत नाहीत, पण एका पीएसआयला उकळायचा पॉइंट दीड डिग्रीच्या आसपास वर जातो, ढिल्या टोपीवर हजारोंचा रेडिएटरही काही करू शकत नाही.

बोनेटच्या मागे वॉशर घालून ते उचलायचंही त्याच्या मनात होतं, व्हिडिओत पाहिलेलं. हळू चालताना गरम हवा वर निघते हे खरं, पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथून उलटी आतच येते. नको म्हटलं. ग्रिलवरचे चार दिवे मात्र काढायला लावले, त्यावर तो जरा रुसला.

दोन दिवसांनी त्याच्याबरोबर गेलो, टुरिस्ट मागे, मी पुढे. ओहोळाच्या आधी ग्रिलवर ताडपत्री टाकायला लावली. फिरता फॅन पाण्यात गेला की पाती पुढे वाकतात आणि जाळी कापतात, मी कापलेल्या पाहिल्यात. पलीकडे गेल्यावर आधी ती काढायची, नाहीतर तीच हवा अडवते. शेवटच्या दगडांच्या चढावर थांबवून गन लावली, वर 91, खाली 82. मागचे टुरिस्ट विचारत होते ही कसली पिस्तूल.

कुळेत परत आलो तर तिथे दोघंतिघं अगरबत्तीचा पुडा घेऊनच उभे. पहिल्याच जीपला धूर बरोबर आत जात होता, शराऊडही जागेवर. गाडी गार होती, टोपी काढून स्टार्ट केली तर पाण्यात बुडबुडे यायला लागले आणि थांबेनात, म्हणजे इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय. त्याला म्हटलं अगरबत्ती ठेव, हेड गॅस्केटचे पैसे काढ.