तेरा छेद आठ

आमच्या मुलाखतींचा पहिला नियम म्हणजे शिकवायचं नाही. समोरचा चुकला तरी चेहरा कोरा ठेवायचा, 'बरोबर' म्हणायचं नाही, नुसतं "हे कसं ठरवलंत?" एवढंच विचारायचं. वर्षानुवर्षं फळ्यापाशी उभं राहिलेल्या बाईला हे किती जड जातं, ते विचारूच नका.

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात) गणित शिकवते आणि एका संशोधन गटासाठी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेते. पूर्वी इथे प्रवेशाच्या वेळी परीक्षा व्हायची. तीत घसरलेला विद्यार्थी थेट अंकगणितात जाऊन बसायचा, आणि पदवीला चालणाऱ्या गणितापर्यंत पोचेतो निम्म्याहून जास्त गळालेले असायचे. राज्याच्या २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ही शिडी बहुतांशी काढून टाकली. त्याआधी न्यूयॉर्कच्या क्युनी या शहर विद्यापीठात, २०१३ मध्ये, नऊशेवर विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या वर्गांत वाटून पाहिले होते. साध्या बीजगणितात ३९ टक्के पास झाले. थेट संख्याशास्त्रात, मदतीच्या जादा तासांसह, ५६ टक्के. निकाल सुधारले हे खरं, पण शाळेत राहून गेलेलं अंकगणित डोक्यात कुठल्या अवस्थेत असतं, हे टक्केवारीत दिसत नाही. म्हणून मुलाखती.

त्या संध्याकाळी आलेला गडी तिशीतला होता. दिवसा घरांच्या आतल्या भिंतींना जिप्समचे बोर्ड ठोकायचं काम. मनगटापर्यंत पांढरी धूळ. प्रश्न यूसीएलए विद्यापीठाच्या जेम्स स्टिगलर आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास अशाच विद्यार्थ्यांना विचारलेलेच. अ ही धन पूर्ण संख्या असेल तर अ/५ मोठा की अ/८? त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "अ/८. आठ मोठा ना." मग उणे २ पासून २ पर्यंतची संख्यारेषा पुढे ठेवली आणि त्यावर १३/८ दाखवायला सांगितलं. रेषेकडे बघून तो म्हणाला, "ही रेषा पुरणार नाही. तेरा कुठे बसणार हिच्यात?"

मी मुकाट्याने लिहून घेतलं. ठरलेल्या प्रश्नांच्या तक्त्यातला पुढचा प्रश्न होता: हीच संख्या आणखी कशी लिहिता येईल? त्याने भागाकार मांडला. आठ एके आठ, बाकी पाच. शाळेत घोटून घेतल्यासारखं १ ५/८ लिहिलं आणि पेन थांबलं.

"अहो, हा तर आमचा स्क्रू!"

अंगठा आणि तर्जनी ताणून त्याने मला लांबी दाखवली. आपल्याकडचा सुतार म्हणेल, एक इंच पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पाच सुताच्या जाड बोर्डाला हाच स्क्रू लागतो, अर्ध्या इंची बोर्डाला सव्वा इंची चालतो, हे त्याने मला नीट समजावून सांगितलं (शिकवायचं नाही हा नियम त्याला कुठे होता!). मग रेषेवर एक आणि दोनच्या मध्ये, दीडच्या जरा पुढे, ठिपका दिला. तो अगदी जागेवर होता. मी काही न विचारता तो पहिल्या प्रश्नाकडे वळला. "अ म्हणजे पाच घेतला, तर ५/५ म्हणजे अख्खा इंच आणि ५/८ म्हणजे बोर्ड. मग अ/५ मोठा." खोडून नवं उत्तर लिहिलं.

मला राहवलं नाही. तक्त्याबाहेरचा एक प्रश्न टाकलाच: १३/७ कुठे? तो अडला. "टेपवर सातवे भाग नसतात," म्हणाला. बरोबरच आहे, इंचाच्या टेपवर निमे, पाव, अष्टमांश, सोळावे. भागाकार मात्र पुन्हा केला नाही.

कोडिंगच्या वेळी, म्हणजे उत्तरांची वर्गवारी करताना, यावरून आमची जुंपली. माझ्या सहकारीणीचं म्हणणं, पहिलं उत्तर चूक ते चूक. आणि सातावर अडकला याचा अर्थ त्याला स्क्रू येतो, अपूर्णांक येत नाही. मला हे पटत नाही. नुसता पाठ केलेला स्क्रू असता तर अ/५ कडे तो आपणहून वळलाच नसता. पण १३/७ चं उत्तर माझ्याकडेही नव्हतं, आणि तो प्रश्न तक्त्यात नव्हता म्हणून मोजायचाच नाही म्हणावं, तर ते माझ्याच सोयीचं. शेवटी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने केले आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्या कोडरकडे पाठवलं. तिने 'नंतर'च्या रकान्यात 'अंशतः' लिहून परत धाडलंय, आणि आम्ही दोघीही त्यावर नाराज आहोत.