एका घराला एकच माणूस: महामारीतील आमच्या मंडळीचा अनुभव

भुसावळ हे रेल्वेचे गाव असल्यामुळे आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, निवृत्त रेल्वे कर्मचारी, परिचारिका आणि शिक्षिका पुष्कळ आहेत, आणि त्यांची मुले नोकरीनिमित्त पुणे, मुंबई, सुरत, नागपूर अशी पांगलेली आहेत. एरवी आईला बरे नाही असे कळले की मुलगा रात्रीची गाडी धरून सकाळी दारात उभा राहतो. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हा आधारच तुटला. मी त्या वेळी पंच कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, सचिव होते, त्यामुळे वृद्ध सभासदांच्या देखभालीची व्यवस्था लावण्याची जबाबदारी माझ्याकडे आली.

पहिले काम यादीचे होते. मंडळीच्या वहीत प्रत्येकाची बाप्तिस्म्याची तारीख आणि वर्गणी व्यवस्थित नोंदलेली होती, परंतु कोण एकटे राहते, कोणाला कोणती गोळी चालू आहे, घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते, फोन कीपॅडचा आहे की स्मार्टफोन, यांपैकी काहीच तिच्यात नव्हते. महिला मंडळाच्या भगिनींनी फोनवरून ही माहिती गोळा केली. नंतर पंचांमध्ये कामाच्या वाटपावरून बरीच चर्चा झाली. तरुण संघातील मुलांनी आळीपाळीने सर्वांना फोन करावेत, म्हणजे कोणावर भार पडणार नाही, असे काहींचे मत होते. माझा आग्रह असा होता, की एका घराला एकच माणूस नेमावा, त्याने रोज ठरलेल्या वेळी फोन करावा आणि तो शक्यतो बदलू नये. वृद्ध माणूस अनोळखी आवाजाला नेहमी ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगतो. त्याच्या मनातले बाहेर यायला ओळखीचा कान लागतो. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, हा विचार उचलून धरला आणि पुढील दीड वर्ष आम्ही तो नियम पाळला.

धान्याची अडचण तुलनेने लवकर सुटली. औषधांची मात्र सुटता सुटेना. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांची औषधे रेल्वेच्या दवाखान्यातून मिळतात, पण तिथपर्यंत जायचे कोणी, हा प्रश्न होता. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची नावे वृद्धांना सांगता येत नसत. ‘सकाळची पांढरी आणि रात्रीची पिवळी’ एवढीच त्यांची ओळख. म्हणून संपत आलेली पट्टी पाकिटात घालून दाराच्या कडीला अडकवून ठेवायची आणि नेमलेल्या मुलाने ती दुकानदाराला दाखवून तशीच नवी आणायची, अशी पद्धत आम्ही बसवली. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्यामुळे इन्सुलिन आणताना विशेष काळजी घ्यावी लागे. बाटली बर्फाला थेट लागून गोठली तरी औषध वाया जाते, हे आमच्यातील एका निवृत्त परिचारिकेने मुलांना समजावून सांगितले आणि बाटली कापडात गुंडाळून थर्मासमधून कशी न्यायची, तेही शिकवले.

उपासनेचा प्रश्न याहून नाजूक होता. पाळकसाहेब मोबाइलवरून थेट उपासना घेऊ लागले, परंतु कीपॅडचा फोन असलेल्यांना तिचा काय उपयोग? तेव्हा नेमलेल्या व्यक्तीने घरातील एका मोबाइलवर उपासना लावावी आणि दुसऱ्या फोनवर चार-पाच वृद्धांना एकत्र जोडून घ्यावे, असे आम्ही ठरवले. प्रार्थना आणि वचन नीट ऐकू जाई. गीत सुरू झाले की मात्र प्रत्येकाचा आवाज थोडा मागे-पुढे पोहोचे आणि ओळी एकमेकींवर चढत. शेवटी एकाने गावे आणि इतरांनी आपापल्या घरी फोन तोंडापासून दूर धरून साथ द्यावी, असा नियम केला, आणि दर रविवारी गाण्याचा मान वेगवेगळ्या वृद्धांना दिला. ज्यांचा आवाज मंदिरात (चर्चच्या इमारतीला आम्ही मंदिर म्हणतो) शेवटच्या बाकावर कधी कोणाला ऐकू आला नव्हता, त्या आजीही आठवडाभर आपले गीत तयार करू लागल्या.

१० एप्रिलला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आला. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर त्या दिवशी सात जण बोलतात, ही आमची जुनी रीत. या वर्षी ते सातही जण सत्तरीच्या पुढचे असावेत आणि त्यांनी आपापल्या घरूनच बोलावे, असे पाळकसाहेबांनी सुचवले. तिसरा उद्गार, ज्यात येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, तो एका विधवा मावशींकडे होता, ज्यांचा एकुलता एक मुलगा पुण्यात अडकला होता. त्या दोनच मिनिटे बोलल्या. मरणाच्या वेदनेतही आपल्या आईच्या राहण्या-जेवणाची सोय त्याच्या मनात होती, एवढेच त्या सांगत राहिल्या. मंडळीच्या कामाचे याहून चांगले स्पष्टीकरण मला कोणत्याही प्रवचनात मिळालेले नाही.

नियमाचा खरा कस पावसाळ्यात लागला. अमळनेरकडच्या एक आजी रोजच्या फोनवर ‘मी बरी शे, कायजी करू नको’ हेच म्हणत असत. एके दिवशी त्यांनी तेच शब्द उच्चारले, परंतु मध्ये दोनदा श्वास घेऊन. त्यांना नेमलेल्या मुलीला तेवढे पुरेसे झाले. आम्ही वर्गणीतून विकत घेतलेला, रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर घेऊन ती तासाभरात त्यांच्या दारात पोहोचली. आजींची बोटे थंड होती आणि आकडा स्थिर होईना, म्हणून तिने हात चोळून गरम करायला लावला व पुन्हा पाहिले. आकडा धोक्याची खूण मानल्या जाणाऱ्या ९४ च्या बराच खाली होता. त्याच संध्याकाळी त्यांना दाखल केले आणि त्या बऱ्या होऊन घरी आल्या. रोज निराळ्या मुलाने फोन केला असता, तर तो ‘आजी बऱ्या आहेत’ असे वहीत लिहून मोकळा झाला असता.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. सर्वांना आनंद झाला, परंतु पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी घरीच थांबावे अशी सूचना कायम होती. माझ्या दृष्टीने वृद्धांसाठी हा काळ टाळेबंदीपेक्षा अवघड होता. सर्वच घरात असताना कोणालाही वगळले गेल्यासारखे वाटत नव्हते. आता घंटा वाजत होती आणि त्यांना ती घरातूनच ऐकावी लागत होती. फोन करणारेही कामधंद्याला लागले होते आणि त्यांच्यात ढिलाई येऊ लागली होती. तेव्हा पाळकसाहेबांनी घरोघरी दाराशी उभे राहून प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) द्यायला सुरुवात केली आणि नेमलेल्या व्यक्तीने त्यांच्यासोबत जावे, असे ठरवले. त्यामुळे निदान महिन्यातून एकदा तरी समोरासमोर भेट होऊ लागली.

त्याच महिन्यात निवृत्तिवेतनासाठी हयातीच्या दाखल्याची वेळ आली. सुदैवाने टपाल खात्याने पोस्टमनमार्फत घरी येऊन डिजिटल दाखला देण्याची सोय नुकतीच सुरू केली होती आणि केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना मुदतही वाढवून मिळाली. अडचण होती ती अंगठ्याची. आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या हातांवरील रेषा यंत्राला दिसेनात. ओल्या फडक्याने बोट पुसायचे, थोडे ग्लिसरीन लावायचे, एक बोट नाही तर दुसरे लावून पाहायचे, असे करत हे काम पार पडले.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. एका मोबाइल क्रमांकावर लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर चौघांची नोंदणी करता येत असे, त्यामुळे काम भराभर होईल असा आमचा अंदाज होता. परंतु ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे याच वृद्धांना आम्ही वर्षभर बजावले होते, आणि आता आम्हीच तो मागत होतो. एका नानांनी स्पष्ट नकार दिला आणि त्यांचे बरोबर होते. मग नेमलेल्या मुलाच्याच क्रमांकावर त्यांची नोंदणी केली. आधार कार्डावरील नाव आणि मंडळीतील नाव वेगळे असल्याने काहींचा केंद्रावर गोंधळ झाला, तो तिथल्या कर्मचाऱ्यांनी समजूतदारपणे सोडवला.

एप्रिलमधील दुसऱ्या लाटेने मात्र आमच्यातील काही जणांना नेले. अंत्यविधीला वीस जणांची मर्यादा होती. दफनभूमीत एक जण फोन उंच धरून उभा राही, म्हणजे घरी बसलेल्या समवयस्कांना प्रार्थना आणि मातीचा आवाज ऐकू जाई. मातीचा आवाज ऐकवू नये, असे मला वाटत होते. वृद्धांनीच तो ऐकायचा आग्रह धरला. सोबत्याला शेवटपर्यंत पोहोचवल्याशिवाय आम्हाला झोप येणार नाही, असे त्यांनी सांगितले.

७ ऑक्टोबर २०२१ पासून मंदिर पुन्हा उघडले आणि या वेळी वृद्धही आले. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दर रविवारी मंडळीच्या खर्चाने रिक्षा ठरवली आहे. नवी वही सचिवाकडे असते, तिच्यातील औषधांचे आणि किल्लीचे रकाने दर सहा महिन्यांनी तपासले जातात. रोजचे फोन आता आठवड्यातून दोनदा होतात. बहुतेक घरांना माणूस अजूनही तोच आहे, आणि जी मुले नोकरीसाठी बाहेरगावी गेली, त्यांनी जाण्यापूर्वी आपल्या आजीची गाठ नव्या व्यक्तीशी घरी जाऊन घालून दिली.