उजव्या कुशीखालची चादर

सिझेरियनसाठी मी स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिल्यावर बाई जांभई द्यायला लागली, की प्रेशर पडत असल्याची ती खूण समजून माझा हात आधी सिरिंजकडे जातो, नजर नंतर मॉनिटरकडे. प्रेशर मोजायचा दंडावरचा कफ फुगून, उतरून आकडा दाखवेपर्यंत अर्धं मिनिट जातं आणि तो आकडाही शिळाच असतो.

वडोदऱ्यातलं एक नर्सिंग होम. पेशंट दांडिया बाजारची, मराठी, पहिलटकरीण. वॉर्डात प्रेशर 110, टेबलावर भीतीने 136. मूळचं म्हणून मी 110 धरलं. भुलीचं हेवी बुपिव्हाकेन 2 मिली, लगेच प्रेशर टिकवणारं फेनिलेफ्रिन पंपावर. हे फेनिलेफ्रिन मी माझ्याच बॅगेत बाळगते, कारण प्रेशर वाढवणारं नेहमीचं मेफेंटरमिन असताना हे चोचले कशाला, असं इथल्या मालकांचं मत. अँप्यूलमध्ये 10 मिग्रॅ आणि द्यायचं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणून 100 मिली सलाइनमध्ये मिसळायचं आणि लेबल ठळक लिहायचं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही हेच आहे : सिस्टोलिक (वरचं प्रेशर) मूळच्या 90 टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, प्रेशर पडायची वाट बघायची नाही.

जांभई आली. मग, "मॅडम, कसंतरीच होतंय हो." सिस्टर म्हणाली, "ऊंडो श्वास लो, बेन." आकडा उमटला : 74. नाडी 46.

अशा वेळी फेनिलेफ्रिन वाढवून चालत नाही, ते नाडी आणखी खाली ओढतं. पंप बंद. अ‍ॅट्रोपिन 0.6 मिग्रॅ, नाडी वाढवायला, आणि ज्याला मी नेहमी नावं ठेवते तेच मेफेंटरमिन. मग सहज अंगावरच्या ड्रेपखाली हात घातला, तर पोट डावीकडे कलतं ठेवणारी उजव्या कुशीखालची घडीची चादर गायब! पोट तिरकं दिसतं म्हणून सर्जनसाहेबांनी ती वॉर्डबॉयला काढायला लावली होती, मला न विचारता. नऊ महिन्यांचं गर्भाशय मोठ्या शिरेवर पडलं की पायांत साचलेलं रक्त वर यायचं कसं? मी हातानेच पोट डावीकडे ढकललं.

"मॅडम, हलवू नका हो!"

"तुम्ही बाळ काढा, साहेब."

प्रेशर 106 आलं, बाळ लगेच रडलं. पण गुण नेमका कशाचा, औषधांचा, माझ्या हाताचा की पोट रिकामं झाल्याचा, हे काही केल्या सुटत नाही. सगळं एका मिनिटात घडलं. आणि नाडी पडली कशाने? बधिरता स्तनाग्रांपर्यंतच होती, मुठीत जोरही होता, म्हणजे भूल फार वर चढली नव्हती. पण प्रेशर आणि नाडी सांभाळणाऱ्या सिम्पथेटिक नसा त्याच्याही वर झोपतात, त्या बधिरता तपासायच्या थंड स्पिरिटच्या बोळ्याने कळत नाहीत. शिवाय पंपही चालूच होता.

पुढच्या केसला चादर चिकटपट्टीने टेबलालाच बांधली. साहेब म्हणाले, "आता हे काय नवीन?"