अमरावतीचा सूर्यास्त

रुग्णांना विमानाने हलवण्याचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. डिसेंबरमधला तो दिवस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

अमरावतीच्या एक आजी अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून कोल्हापूरला आल्या आणि तिथेच त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मुलाचं एकच मागणं होतं, आईला शेवटचं घरी न्यायचं. रस्त्याने सातशे किलोमीटरहून जास्त अंतर, तेही ऑक्सिजन लावून. त्या वाटेत टिकतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

सकाळी त्याने फोनवर विचारलं, "विमानाले किती वेळ लागते, भाऊ?" कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ ते अमरावतीचा बेलोरा विमानतळ सरळ रेषेत साधारण 585 किलोमीटर. आमचं छोटं विमान, किंग एअर बी-200, ताशी 480 किलोमीटर धरलं आणि चढण्या-उतरण्याची मिनिटं मिळवली की दीड तास. मी "दीड तास" एवढंच सांगितलं. त्याने तेवढंच ऐकलं आणि घरी कळवलं, पाचच्या आत आई अंगणात.

आमच्या विमानाला निघायलाच पाऊण तास उशीर झाला. इकडे रुग्णालयातल्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. स्ट्रेचर विमानाच्या दाराशी आलं तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. बेलोऱ्याला तेव्हा अंधार पडल्यावर उतरण्याची सोय नव्हती आणि त्या दिवशी तिथला सूर्यास्त 5 वाजून 38 मिनिटांनी होता. निघायला चार-पंचवीस, पोचायला पाच-पंचावन्न. कॅप्टननी फोनवर शांतपणे सांगितलं, "बेलोरा नाही जमणार. नागपूर घेऊ."

हे मुलाला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"इथं तं अजून चांगलं ऊन हाये, भाऊ! तिकडं काहून उतरता येत नाही?"

तो खोटं बोलत नव्हता. कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळणार होता. अमरावती त्याच्या पूर्वेला जवळपास साडेतीन अंश; एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथे दिवस चौदा मिनिटं आधीच संपतो. शिवाय ती चार अंश उत्तरेला, आणि हिवाळ्यात उत्तरेचा दिवस आणखी आखूड. असा मिळून वीस-बावीस मिनिटांचा फरक. आपण पूर्वेला उडतो तेव्हा अंधारही समोरून आपल्याकडे येत असतो. हे मला सकाळीच ठाऊक होतं. मी ते त्याला सांगितलं नव्हतं.

सकाळपर्यंत थांबू का, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग नागपूरच.

नव्याने हिशेब मांडला. कोल्हापूर ते नागपूर सातशे किलोमीटर, पावणेदोन तास. तिथे रात्रीही उतरता येतं. पुढे अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटर रस्ता, तीन तास. आमच्या सिस्टरने अंतर विचारलंच नाही. "मिनिटं सांगा," म्हणाल्या. ऑक्सिजन मिनिटांवर जातो: मिनिटाला 10 लिटर, म्हणजे दीड तासाला 900, आणि आम्ही नेहमी दुप्पट घेऊन निघतो. म्हणून वाढलेला पाव तास भागणार होता. मी नागपूरच्या अँब्युलन्सवाल्याला भरलेला जम्बो सिलिंडर चढवायला लावला आणि त्याच्या दाबाच्या काट्याचा फोटो मागवला. एरवी मी फोटो मागत नाही.

सव्वासहाला विमान नागपूरला टेकलं. त्यानंतर माझ्या हातात काही नव्हतं, तरी घरी गेलो नाही. कोंढाळी, तळेगाव, तिवसा... नकाशावर एकेक गाव मागे पडताना बघत बसलो.

त्या दिवसापासून मी उड्डाणाची वेळ वेगळी सांगतच नाही. रुग्णालयातल्या खाटेवरून घरच्या खाटेपर्यंत किती, तेवढंच सांगतो, आणि सूर्यास्ताची वेळ त्याच्याही आधी सांगतो.

पावणेदहाला फोन वाजला.

"पोचलो, भाऊ. आईले तिच्या खोलीत ठेवलं." मागे बायकांचे हलके आवाज येत होते, कुणीतरी दिवा लावायला सांगत होतं.