बिडी सोडताना: च्युइंगम, चहा आणि घरातला धूर (माझा अनुभव)

रोज किती ओढता, हे छातीच्या डॉक्टरांनी नंतर विचारलं. आधी विचारलं ते सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनचं च्युइंगम ४ मिलिग्रॅमचं, उशिरा लागत असेल तर २ चं. २ चं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ ला चिठ्ठी लागते. मग एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड त्यावर आकड्यात दिसतो. बिडी पूर्ण थांबली की एक-दोन दिवसांत हा आकडा न ओढणाऱ्याइतका खाली येतो. दम सुधारायला महिने जातात, त्यामुळे सुरुवातीला हुरूप टिकवायला हा आकडाच कामाला येतो.

बिडी सिगारेटपेक्षा हलकी, असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. तंबाखू कमी असते हे खरं. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी जात नाही, सारखे झुरके मारले नाहीत तर बिडी विझते. म्हणून झुरके जास्त आणि खोल. टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी तर नाहीच, उलट जास्त छातीत जातो. ‘रोज एकेक कमी करतो’ हा बेतही बहुतेकदा इथंच फसतो: उरलेल्या बिड्या जास्त जोरानं ओढल्या जातात आणि रक्तातलं निकोटिन होतं तिथंच राहतं. माझ्या मते तारीख ठरवून त्या दिवसापासून पूर्ण बंद करणं बरं.

च्युइंगमनं काही होत नाही म्हणणारे बहुतेक जण ते माव्यासारखं चघळतात. सावकाश थोडं चावायचं, तोंडात झिणझिण्या किंवा तिखटपणा आला की थांबायचं, आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. चव गेली की पुन्हा चावायचं, जागा बदलायची. एक तुकडा अर्धा तास चालतो. निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात उतरतं. मग उचकी, मळमळ, जळजळ, आणि तलफ आहे तशीच.

तोंड आंबट असलं तरी निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणून च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, ताक, लिंबू सोडा काही नको. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना हे जड जातं, पण साधं पाणी चालतं.

पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार-आठ तासांनी. दिवसात २४ च्या वर नाही. तलफेची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. बिडीचं निकोटिन मेंदूत काही सेकंदांत पोचतं, च्युइंगमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर तोंडात टाकलं तर उशीर झालेला असतो.

चहाचं गणित मात्र फारसं कुणी सांगत नाही. धुरातल्या काही रसायनांमुळं यकृत कॅफिनचा निचरा वेगानं करतं. धूर बंद झाला की तेवढेच कप अंगात जास्त वेळ राहतात. धडधड, चिडचिड, झोप न लागणं याचा सगळा दोष बिडी सोडण्यावर जातो. चहा सरळ निम्मा करावा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. बद्धकोष्ठ होतो, भूक वाढते. खोकला काही दिवस वाढूही शकतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागून साठलेला कफ वर ढकलतात.

‘घरातली सगळी तंबाखू फेकून द्या’ हा सल्ला सोलापूरच्या पूर्व भागात कसा पाळायचा? तिथं कितीतरी घरांत बायका बिड्या वळतात, तंबाखूचं सूप मांडीवर असतं, तोच रोजगार. निदान तंबाखू झाकणाच्या डब्यात राहावी, वळायचं काम झोपायच्या खोलीत नको, आणि वळून झाल्यावर हात साबणानं धुवावेत. बिडी सोडून मशेरी किंवा मावा धरणं म्हणजे सोडणं नव्हे, व्यसन तेच राहतं.

घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यानं घराबाहेरच ओढावं. खिडकी उघडून, पंखा किंवा कूलर लावून धूर जात नाही, खोलीभर पसरतो, आणि पडद्यांत, चादरींत त्याचा अंश राहतो. स्वतः कधीही न ओढणाऱ्या जोडीदाराला या धुरामुळं हृदयविकाराचा आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. मुलांना दमा आणि कानाचे संसर्ग होतात.

दम्यासाठी थिओफायलिन, रक्त पातळ करायला वॉरफरिन किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर ठरवलेली तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी, कारण बिडी थांबल्यावर डोस बदलावा लागू शकतो. डॉक्टरांकडं लगेच जाणं जमत नसेल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा फुकट क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, सोमवारी बंद.