फुकटच्या खोलीचा हिशोब

ऑफिसातले विचारतात, लग्नकार्यात भेटणारे पाहुणे विचारतात. परवा आमच्या शेजारच्या टॉवरमधल्या एका काकांनीही गेटवर गाठलं. "वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारतो. सरकार फुकट घर देतं, तरी ही माणसं ते विकून परत झोपडपट्टीत का जातात?"

'ही माणसं' म्हणजे आम्हीच. चेंबूरच्या एका एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या, इमारतीत मी 2006 पासून राहतो आणि सहा वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे. गेटवर उभ्याउभ्या मी नुसता हसलो. पण काका, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

आमची जुनी खोली दहा बाय पंधराची. वर पत्रे, पत्र्याखाली पोटमाळा, पुढे ओटा. ओट्यावर आई पहाटे पाचला स्टोव्ह पेटवायची, नाक्यावर कामाला उभे राहणारे बिगारी येऊन चहा-पोहे खायचे. साडेआठला पातेलं रिकामं, नऊला ती ओटा धुऊन मोकळी. पोटमाळ्यावर गावाकडची चार पोरं भाड्यानं असायची. डोकं पत्र्याला लागायचं, उन्हाळ्यात वर जाववायचं नाही, पण त्यांच्याच भाड्यावर माझं बीकॉम झालं. शेजारी मावशींचं इस्त्रीचं टेबल. त्यांच्या पलीकडे जरीकाम करणारं बिऱ्हाड, दारात खाट लावून रात्री अकरापर्यंत टाके घालत बसलेलं. गटार उघडं होतं, संडासाला रांग होती, 26 जुलैच्या पुरात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. पण ती खोली आम्हाला कमवून द्यायची, आणि ही नवी खोली खाते.

फुकट घराची घोषणा 1995 च्या निवडणुकीतली: 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं. सरकार बदललं, योजना आली. बिल्डरनं आमच्या जागेवर आम्हाला 225 फुटांची खोली बांधून द्यायची (आता नव्या योजनांमध्ये 300 फूट मिळतात), आणि बदल्यात त्याला बाजारात विकायला बांधकाम मिळायचं. म्हणजे सरकारच्या तिजोरीतून आमच्या विटा आलेल्या नाहीत. आम्ही बैठी घरं सोडून मागच्या कोपऱ्यात सात मजल्यांवर दाटीवाटीनं चढलो, म्हणून पुढचा रस्त्याकडचा तुकडा मोकळा झाला. त्यावर काकांचा टॉवर उभा आहे. काकांनी त्यांच्या फ्लॅटसाठी जे मोजलं, त्यातच आमच्या खोलीचेही पैसे आहेत. तेव्हा त्यांना प्रश्न विचारायचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. फक्त जागा कोणी मोकळी करून दिली, तेही त्यांनी लक्षात ठेवावं.

आता माझं रजिस्टर. आमच्या इमारतीत 84 खोल्या. देखभालीसाठी बिल्डरनं खोलीमागे 20,000 रुपये भरायचे असा तेव्हाचा नियम, म्हणजे 16 लाख 80 हजार. आठ टक्के व्याज धरलं तरी महिन्याला 11,200 रुपये होतात. एवढ्यावर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, झाडूवाला आणि वॉचमन चालवून दाखवा. म्हणून दरमहा मेंटेनन्स काढावा लागतो. तो आज 900 रुपये आहे. काकांच्या टॉवरमध्ये तेवढ्यात गाडीचं पार्किंगही मिळत नसेल, पण आमच्याकडे 84 पैकी 30-35 जण कायम थकबाकीत. मध्यंतरी लिफ्ट आठ महिने बंद होती. माझी आई पाचव्या मजल्यावर. गुडघे धरून एकदा वर चढली की चार-चार दिवस खाली उतरायची नाही. चहाचा धंदा तर पहिल्या महिन्यातच संपला. पाचव्या मजल्यावर चहा प्यायला बिगारी येत नाही.

थकबाकीदारांच्या यादीत एक ओळ मला आजही पाठ आहे: खोली 312, चौदा महिने, 9,800 रुपये. तेव्हा मेंटेनन्स 700 होता. ते जरीकामवाल्यांचं बिऱ्हाड. खाट लावायला पॅसेज अपुरा, खोलीत उजेड नाही, कारण समोरची इमारत इतकी जवळ की खिडकीतून हात बाहेर काढून पलीकडच्याला मीठ द्यावं. दिवसा ट्यूब लावून काम केलं की बिल वाढायचं. शिवाय शेटनं माल देणं कमी केलं. कारागीर जिथे एकत्र तिथेच माल येतो. शेवटी त्यांनी स्टॅम्पपेपरवर व्यवहार केला आणि खोली सोडली. तेव्हा दहा वर्षं विकायची परवानगी नव्हती, त्यामुळे भावही अर्धवट मिळाला. आज ते मानखुर्दच्या पुढे एका बैठ्या खोलीत आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. काकांच्या भाषेत 'परत झोपडपट्टीत गेले'.

सगळेच असे नाहीत, हेही कबूल करतो. परिशिष्ट-दोनच्या, म्हणजे घर मिळायला पात्र ठरलेल्या झोपडीधारकांच्या, यादीत एकाच घरातली तीन नावं पात्र कशी झाली, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. कोणी मुलीच्या लग्नाला विकली, कोणी दारूत घातली. तीन खोल्या अशाच एका माणसानं घेऊन भाड्यानं दिल्यात. तो राहतो भलत्याच ठिकाणी, मेंटेनन्स मात्र वेळेवर भरतो. खजिनदार म्हणून मला तोच आवडतो, याची लाजही वाटते.

मला विचाराल तर दुसरी वाट मुंबईतच होऊन गेली होती. कांदिवलीला चारकोपला जाऊन बघा. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे छोटे छोटे प्लॉट पाडले, पाणी, गटार, रस्ता दिला आणि घर ज्याचं त्यानं बांधायचं. हातात पैसा आला तशी लोकांनी वर खोली चढवली, खाली दुकान काढलं. तिथेही पुढे भाव वाढले, पुष्कळ मूळ लोक विकून गेले. पण तिथलं घर माणसाच्या कमाईबरोबर वाढू शकत होतं. आमच्या 225 फुटांना पोटमाळाही काढता येत नाही. वर स्लॅब, शेजारी भिंत.

मावशी मात्र गेल्या नाहीत. नवरा वारल्यावर त्यांनी इस्त्रीचं टेबल तळमजल्यावर जिन्याखाली आणून लावलं. वायर मीटर रूममधून घेतली होती; मी ती काढायला लावली, आता त्या कोळशाची इस्त्री वापरतात. सकाळी सातला टॉवरमधल्या बायका मागच्या गेटनं कपड्यांची गाठोडी पाठवतात. काकांचे शर्टही तिथेच येतात, कॉलरला निळी खूण असते.

गेल्या मिटिंगला कमिटीनं ठराव केला की जिन्याखालचं टेबल बेकायदेशीर आहे, धूर होतो, आगीचा धोका आहे, हटवायची नोटीस द्यावी. धोका आहेच, खोटं कशाला बोलू. सेक्रेटरी गावी गेलेत म्हणून नोटीस टाईप करायचं काम माझ्याकडे आलंय. तारीख आणि विषय टाकून फाईल तीन आठवडे तशीच ठेवली आहे. रविवारी पुन्हा मिटिंग आहे.