डीएनए काढला की झालं ना?

विशाळगडावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या (शास्त्रीय नाव सेरोपेजिया) नव्या जातीला २०२३ साली शिवरायांचं नाव मिळालं. तेव्हापासून रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी कुणीतरी गाठतंच, "सर, आता डीएनए काढता येतोय, मग फुलं कशाला चिरत बसता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

फुलाशिवाय आमचं पानही हलत नाही. पावसाळा सरला की बहुतेक कंदीलपुष्पांचे वेल सुकतात, जमिनीत राहतो तो नुसता कंद. पुढच्या पावसात तो गवतातून वर येतो, पण कळी नसली तर जवळच्या दोन जाती ओळखताना भल्याभल्यांची दांडी उडते.

फूल आलं की मात्र बघत राहावं. पाच पाकळ्यांची टोकं जुळून वर पिंजरा, खाली नळी, तळाशी फुगीर खोली. वासानं आलेली चिलटाएवढी माशी नळीतून आत उतरते. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे तिला परत वर चढता येत नाही. तळाशी घुटमळताना परागपुंज तिच्या सोंडेला चिकटतो. मग केस कोमेजतात आणि तिची सुटका होते. नळी किती लांब, केस कुठून कुठपर्यंत, तळाच्या मुकुटाची शिंगं सरळ की वाकडी, हे जातीजातीला वेगळं. त्यावरून आत शिरणारी माशी बदलू शकते, आणि माशी बदलली की परागांची सरमिसळ थांबते. म्हणून फूल उभं चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. दाबून वाळवलं की ही सगळी रचना चपटी होते, तेव्हा काही फुलं अल्कोहोलमध्ये राखून ठेवायची.

आता डीएनए. पान सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांत, वाळवायचं, डीएनए काढायचा आणि ठरावीक तुकडे वाचायचे. वनस्पतींची ओळख पटवायला आरबीसीएल आणि मॅटके ही दोन जनुकं २००९ मध्ये मुक्रर झाली, जोडीला आयटीएस हा तुकडा बघतात. हाती येते अक्षरांची ओळ. ती ताडायची कशाशी? सख्ख्या बहिणीची ओळ माहितीसाठ्यात कुणी टाकलीच नसेल, तर संगणक लांबची चुलत बहीण पुढे करतो. शिवाय अलीकडेच वेगळ्या झालेल्या जातींत आरबीसीएल जवळपास सारखाच निघतो.

फूलही फसवतं बरं का. कंदीलपुष्पाच्या नात्यातल्या ब्रॅकिस्टेल्माची फुलं बहुधा उघडी, लांब नळीचा पत्ता नाही, म्हणून जुन्या अभ्यासकांनी ती प्रजाती, म्हणजे जातींचा गट, वेगळी ठेवली. डीएनएनं दाखवलं की तिच्या फांद्या सेरोपेजियाच्याच वंशवृक्षात आहेत. २०१७ मध्ये काही संशोधकांनी माकडशिंग या आणखी एका नातलग वनस्पतीसकट सगळ्यांना सेरोपेजियात घातलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला नातं मान्य आहे, पण पठारावर गुडघे टेकून बसल्यावर जुनीच नावं सोयीची वाटतात.

आणि डीएनए कितीही चोख असला तरी नवं नाव ग्राह्य धरायचं तर वर्णन प्रसिद्ध करावं लागतं आणि एक नमुना वनस्पतीसंग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. त्याच्याशिवाय नाव नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "नेमकं कुठं उगवतं ते?" त्याला मी उत्तर देत नाही. कंद खाल्ले जातात, शौकीन लोक ते कुंडीतही नेतात, आणि एखाद्या जातीची सगळी झाडं एकाच कड्यावर असू शकतात.